रोजनिशी : घराघरांतील प्रतिक्रमण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



एखादी संस्था पन्नास वर्षांची होते तेव्हा तिला स्मरणिका काढावीशी वाटते. या स्मरणिकेसाठी विश्वस्तांनी जुनी इतिवृत्ते, पावतीपुस्तके आणि छायाचित्रे कपाटांतून बाहेर काढली. पहिल्या सभेला कोण उपस्थित होते, पहिली देणगी किती रुपयांची होती, हे आज आपल्याला सांगता येते, कारण त्या वेळी कोणीतरी ते लिहून ठेवले होते. ही सामग्री चाळताना माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला. संस्थेचे इतिवृत्त आपण ठेवतो, दुकानाचा रोजमेळ आपण ठेवतो, मग घराचे इतिवृत्त कोण ठेवतो? आजचा माझा विषय एवढाच आहे : रोज चार ओळी लिहिणे, आणि लिहिलेले पुन्हा कधीतरी घरच्यांसह बसून वाचणे.

आपण व्यापारी समाज आहोत. लाल कापडी बांधणीची वही, दिवाळीचे वहीपूजन, पहिल्या पानावर गौतमस्वामींचे स्मरण, हे आपल्या रक्तात आहे. जमा आणि नावे यांचा मेळ बसल्याशिवाय जुन्या पिढीचा दुकानदार दिवा मालवत नसे. एका आण्याचा फरक निघाला तरी रात्री पुन्हा बेरीज होई. पैशाच्या बाबतीत इतके दक्ष असलेले आपण, दिवसभरात कोणाला काय बोललो, कोणाचे मन दुखावले, कोणाचे उपकार घेतले, याचा मेळ मात्र स्मरणावर सोडून देतो. आणि स्मरणशक्ती हा फार पक्षपाती मुनीम आहे. तो आपली जमा ठळक लिहितो आणि आपले देणे पुसट लिहितो.

आपल्या पूर्वाचार्यांनी हे ओळखले होते. श्रुतज्ञान शतकानुशतके गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात गेले. परंतु दुष्काळ पडले, श्रुतधर कमी झाले, स्मरण क्षीण होऊ लागले. तेव्हा देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली वलभीमध्ये आगम ग्रंथारूढ झाले. दिगंबर परंपरेत गिरनारच्या गुहेतील धरसेनाचार्यांनी आपल्याबरोबर ज्ञान लुप्त होऊ नये म्हणून पुष्पदंत आणि भूतबली यांना ते दिले, आणि त्यातून षट्खंडागमाची रचना झाली. त्याची आठवण म्हणून ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी, तर श्वेतांबर समाजात कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी. दोन्ही परंपरांनी एकच गोष्ट मान्य केली : जे जपायचे आहे ते लिहिले पाहिजे. एवढ्या थोर आचार्यांनी स्मरणावर विसंबणे सोडले, तिथे तुमची-आमची काय कथा?

‘प्रतिक्रमण’ या शब्दाचाच अर्थ पाहा. प्रतिक्रमण म्हणजे मागे येणे, परत फिरणे. राई, देवसी, पक्खी, चौमासी आणि संवत्सरी अशी त्याची पाच रूपे आहेत. रात्रीचे सकाळी, दिवसाचे संध्याकाळी, मग पंधरवड्याचे, चार महिन्यांचे आणि वर्षाचे. एकाच आयुष्याकडे पाच वेगवेगळ्या अंतरांवरून पाहण्याची ही व्यवस्था आहे. आज क्षुल्लक वाटलेली गोष्ट वर्षाने मोठी दिसते. आज डोंगराएवढा वाटलेला राग वर्षाने खड्याएवढा दिसतो. रोजनिशी प्रतिक्रमणाची जागा घेऊ शकत नाही, हे मी प्रथमच स्पष्ट करतो. प्रतिक्रमण ही आवश्यक क्रिया आहे, रोजनिशी हे केवळ साधन आहे. पण प्रतिक्रमणात आपण ज्या चुकांची आलोचना करतो त्या नेमक्या कोणत्या, हे ज्याला आठवतच नाही, त्याच्या ‘मिच्छामि दुक्कडम्’ला वजन कुठून येणार?

आपल्या परंपरेत याची उदाहरणे आहेत. कविवर बनारसीदास हे जौनपूरमध्ये १५८६ साली जन्मलेले श्रीमाळ जैन व्यापारी. १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आग्र्यात ‘अर्धकथानक’ हा ग्रंथ लिहिला. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानले तर ही निम्मी कथा, म्हणून ‘अर्धकथानक’. अभ्यासक तिला हिंदीतील पहिले आत्मचरित्र मानतात. या जवाहिऱ्याने त्यात आपला तोटा लपवला नाही, तरुणपणीचा उनाडपणा लपवला नाही, आपण रचलेले शृंगारिक काव्य स्वतःच्या हाताने गोमतीत सोडल्याचे लपवले नाही. अकबर बादशहाच्या मृत्यूची बातमी ऐकून आपण जिन्यावरून कोसळलो आणि कपाळ फुटले, हेही त्यांनी लिहिले. नऊ अपत्ये झाली आणि एकही हाती लागले नाही, हे दुःख लिहिले. शेवटी तर आपले गुण आणि आपले दोष अशा दोन याद्याच त्यांनी दिल्या. जमाखर्च मांडण्याची सवय असलेल्या माणसाने स्वतःचाच जमाखर्च मांडला. चारशे वर्षे होत आली, तरी त्या काळातील एक जैन व्यापारी घर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते या प्रामाणिकपणामुळे.

दुसरे उदाहरण श्रीमद् राजचंद्रांचे. जन्म १८६७, देहविलय १९०१. अवघे तेहतीस वर्षांचे आयुष्य. मुंबईत ते हिरे-मोत्यांचा व्यापार करीत. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधीजींची त्यांच्याशी भेट झाली. गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे की, रायचंदभाईंच्या गादीपाशी एखादे धर्मपुस्तक आणि रोजनिशी हमखास असे. लाखोंचा सौदा आटोपला की ते लगेच त्यांत बुडून जात. ज्यांना वाटते की ‘दुकानातून वेळ कुठे मिळतो?’ त्यांनी हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. त्यांच्या हातनोंदी आजही मुमुक्षू वाचतात.

आणि आपले नाशिक? ही तर आठवणींची भूमी आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत, नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्या पुस्तकाची मांडणी आठवा : रोज रात्री मंडळी जमतात आणि श्याम एक आठवण सांगतो. सांगणारा आणि ऐकणारे एकत्र बसले, म्हणून ती आठवण सर्वांची झाली. दुसऱ्या आपल्या लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी उतारवयात ‘स्मृतिचित्रे’ लिहायला घेतली. पहिला भाग १९३४ मध्ये आला. १९३६ मध्ये नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले, आणि अपुरा राहिलेला चौथा भाग त्यांचे पुत्र देवदत्त यांनी पुरा केला. आईचे लेखन मुलाने पूर्ण करावे, याहून मोठे कौटुंबिक वाचन कोणते असू शकेल? आणि आपले वैगुण्य हसत सांगण्याची त्यांची रीत पाहिली की वाटते, हीसुद्धा एक आलोचनाच आहे.

बंधू-भगिनींनो, ही थोरांची उदाहरणे झाली. ‘आम्ही सामान्य माणसे, आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय आहे?’ असे आपण म्हणाल. म्हणून आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. ज्यांचा तिच्याशी संबंध आहे त्या सर्वांना विचारले, त्यांनी अनुमती दिली, म्हणून आज बोलतो आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना बाबूजी म्हणत असू, आणि माझे काकाजी यांचे जुन्या नाशकात किराण्याचे एकत्र दुकान होते. १९७३ साली दोघे भाऊ वेगळे झाले. दुकान काकाजींकडे गेले. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. बाबूजींनी दुसऱ्याच्या पेढीवर मुनीमकी धरली. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. काकाजींनी दुकान बळकावले आणि आम्हाला बाहेर काढले, असे मी माझ्या मनाशी ठरवून टाकले. बाबूजी याविषयी कधी बोलले नाहीत. त्यांच्या मौनाला मी त्यांचे दुःख समजलो. पुढे एकतीस वर्षे दोन घरांत येणे-जाणे राहिले ते लग्नापुरते आणि मरणापुरते. दरवर्षी संवत्सरीनंतर काकाजींकडून क्षमापनेचे छापील पत्र येई आणि आमच्याकडूनही तसेच छापील पत्र जाई. छापील ‘मिच्छामि दुक्कडम्’वर फक्त पत्ता हाताने लिहिलेला असे. बाबूजी १९९३ मध्ये गेले, काकाजी २००२ मध्ये.

२००४ साली आमचा जुना वाडा पाडायचा ठरला, म्हणून माळा रिकामा करावा लागला. तिथे बाबूजींची पत्र्याची पेटी होती. पेटीत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या रोजनिश्या होत्या. १९५७ पासून १९९२ पर्यंतच्या, मधली काही वर्षे नसलेल्या, एकूण एकतीस. बाबूजी रात्री काहीतरी लिहीत हे आम्हाला ठाऊक होते, पण तो हिशेबच असेल असे सर्वांना वाटे. वरच्या ओळीत तिथी आणि तारीख, मग पाऊस, भाव, घरी कोण आले, कोणाचा उपवास, कोणाचे पत्र. कुठे नक्षी नाही, कुठे उपदेश नाही.

आम्ही भावंडांनी रोज रात्री थोडे थोडे वाचायचे ठरवले. माझी मुलगी मोठ्याने वाची. ७२ च्या दुष्काळातील पाने आली. रेशनवरचा मिलो, सुकडी, गावाकडून आलेली माणसे, आणि उधारीवर दिलेले धान्य. बाबूजींनी माणसांना नाही म्हटले नव्हते. शिवाय एका स्नेह्यासाठी ते भावाला न विचारता जामीन राहिले होते. तो स्नेही बुडाला आणि देणे दुकानावर आले. मग १९७३ च्या वैशाखातले ते पान आले. चारच ओळी होत्या. त्यांचा आशय असा : चूक माझी, परंतु धाकट्याने आज घरातल्या पाटल्या मोडून देणे फेडले. दुकान त्यानेच सांभाळावे असे मीच त्याला सांगितले. तो घेत नव्हता, मी शपथ घातली. मुलांना सांगू नये असेही सांगितले.

माझी मुलगी वाचता वाचता थांबली. बराच वेळ कोणी बोलले नाही. ज्या माणसाला मी एकतीस वर्षे मनातल्या मनात अपराधी ठरवले होते, त्याने भावाची अब्रू राखण्यासाठी ते सारे निमूट सोसले होते. आणि त्याची क्षमा मागायला तो आता या जगात नव्हता. मी दरवर्षी त्यांना क्षमापनेचे पत्र पाठवत होतो, पण कोणत्या चुकीची क्षमा मागायची हेच मला ठाऊक नव्हते.

त्या संवत्सरीला मी छापील पत्र पाठवले नाही. ती वही घेऊन काकींकडे गेलो. चुलतभाऊ घरी होता. मी ते पान वाचून दाखवले. काकी त्या वेळी पंचाहत्तरीच्या घरात होत्या. त्यांनी वही हातात घेतली, अक्षर पाहिले आणि म्हणाल्या, “भाईजींनी पाटल्या लिहिल्या, बांगड्या लिहायच्या राहिल्या. चार बांगड्याही होत्या.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “असू दे. लिहिलं होतं, एवढं पुरे झालं.”

बंधू-भगिनींनो, रोजनिशीविषयी मला जे सांगायचे आहे ते सर्व काकींच्या या दोन वाक्यांत आले. पहिले वाक्य सांगते की रोजनिशीसुद्धा अपुरी असते. ती एका माणसाच्या बाजूने लिहिलेली असते. अनेकांतवादाचे नाव घेणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. एकट्याने वाचली तर ती आपल्याला आणखी एका बाजूचे बनवते. घरच्यांसह वाचली तर कोणीतरी म्हणते, ‘बांगड्याही होत्या.’ म्हणून एकत्र वाचणे महत्त्वाचे. आणि दुसरे वाक्य सांगते की, माणसाला परतफेड नको असते. आपण केले ते कुठेतरी नोंदले गेले, एवढेच त्याला पुरते.

याच वाचनात आम्हाला आणखी एक गोष्ट उमगली, तीही सांगितली पाहिजे. एकतीस वह्यांत माझ्या आईचा, आमच्या बाईचा उल्लेख आजारपण आणि तपश्चर्या सोडली तर जवळजवळ नव्हता. चौदा माणसांचा स्वयंपाक, दळण, पाणी, आल्यागेल्याचे आतिथ्य, साधू-साध्वींची गोचरी. यांपैकी काहीही ‘नोंद घेण्यासारखे’ ठरले नव्हते. बाई तेव्हा हयात होती. माझ्या बहिणीने तिला विचारून विचारून एक वेगळी वही भरली. बाईला लिहिता येत असे, पण आपण लिहायचे असते हे तिला कोणी सांगितले नव्हते. आज या सभेत बसलेल्या माता-भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे : वही स्वतःसाठी आणा आणि स्वतः लिहा.

रोजनिशीचा व्यावहारिक उपयोगही आहे. १९६९ च्या महापुरात गोदावरीचे पाणी दुकानाच्या कोणत्या पायरीपर्यंत किती वाजता आले, हे बाबूजींनी लिहून ठेवले होते. सप्टेंबर २००८ मध्ये पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढू लागले, तेव्हा माझ्या चुलतभावाने मला फोन करून विचारले, “दादा, त्या सालची नोंद काय सांगते?” मी वाचून दाखवली आणि लगेच तिकडे गेलो. दोन्ही घरांतल्या मुलांनी मिळून साखरेची आणि डाळीची पोती माळ्यावर चढवली. खाली पाणी शिरले, पण माल वाचला. चार वर्षांपूर्वी ती पेटी उघडली नसती, तर त्याने फोन केला नसता आणि मी गेलोही नसतो.

आता थोडे अनुभवाचे बोल सांगतो.

लिहायचे ते थोडे. चार ओळी पुरेत. मोठा संकल्प करणाऱ्यांच्या वह्या माघातच कोऱ्या पडतात. एक दिवस चुकला तर पश्चात्ताप करत बसू नये, दुसऱ्या दिवशी पुढे लिहावे. तिथी, तारीख आणि साल अवश्य घालावे; ‘आज’, ‘काल’ असे लिहिलेले पन्नास वर्षांनी कोणालाच कळत नाही. दिवसात आपली चूक झाली असेल तर ती आधी लिहावी, दुसऱ्याची नंतर. शक्य झाल्यास लिहूच नये. ज्याचे उपकार झाले त्याचे नाव मात्र पूर्ण लिहावे.

वाचताना संयम हवा. रोजनिशीत दुसऱ्याचे गुपित असू शकते. ज्या नोंदीने हयात माणसाला दुखापत होईल ती मोठ्याने वाचू नये. प्रथम त्या व्यक्तीला एकांतात दाखवावी आणि तिची संमती घ्यावी. ‘बघ, बाबांनी तुझ्याविषयी काय लिहिले आहे’ असे म्हणून वहीचा शस्त्रासारखा उपयोग करणे ही भावहिंसाच आहे. त्याऐवजी न वाचलेले बरे. हयात माणसाची रोजनिशी त्याच्या परवानगीवाचून उघडू नये, मग तो मुलगा असो, सून असो वा नातू. अदत्तादानाचे व्रत विचारांनाही लागू आहे.

जपणुकीविषयी आपल्या ज्ञानभांडारांकडून शिकावे. त्यांनी शेकडो वर्षांची हस्तलिखिते कापडी बासनात, कोरड्या जागी, वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवून सांभाळली. कीड झाल्यावर ती मारण्यापेक्षा ती होऊच नये अशी काळजी घेणे, हीच अहिंसेची वाट. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. ती पिवळी पडते आणि पान खाते. नदीकाठच्या घरांनी पेटी वरच्या मजल्यावर ठेवावी. आज प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. पानांची छायाचित्रे काढून ती दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, पण मूळ वही टाकू नये. वडिलांच्या अक्षरावरून हात फिरवण्याचे समाधान काचेच्या पडद्यावर मिळत नाही.

एका ज्येष्ठ श्रावकांनी मला विचारले होते, ‘आपण अपरिग्रह मानणारे. हा जुन्या कागदांचा मोह नव्हे काय?’ प्रश्न योग्य आहे. स्वतःची थोरवी मिरवण्यासाठी लिहिलेली आणि जुना राग ताजा ठेवण्यासाठी वाचलेली रोजनिशी हा नक्कीच परिग्रह आहे. पण कषाय हलके करण्यासाठी जी वाचली जाते ती निर्जरेला साहाय्य करते. आम्ही भावंडांनी काही पाने, ज्यांत केवळ क्षणिक संताप होता आणि ज्यांतून कोणाचेही हित नव्हते, सर्वांच्या संमतीने वोसिरावली. राखावे काय आणि सोडावे काय, हा विवेकही वहीच शिकवते.

शेवटी या सुवर्णमहोत्सवानिमित्त एक विनम्र सूचना मांडतो. ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला आपण ग्रंथ बाहेर काढतो, झटकतो, त्यांचे पूजन करतो. त्याच दिवशी घरातील जुन्या रोजनिश्या, पत्रे आणि वह्या बाहेर काढाव्यात, त्यांना हवा द्यावी आणि संध्याकाळी दूरदर्शन संच बंद ठेवून तासभर सर्वांनी मिळून वाचाव्यात. लहान मुलाने वाचावे, वडीलधाऱ्यांनी समजावून सांगावे. ज्यांच्याकडे काहीच लिहिलेले नाही, त्यांनी त्या दिवशी आजी-आजोबांच्या समोर बसून पहिले पान लिहावे. आणि पुढच्या संवत्सरीला छापील पत्राखाली एक ओळ स्वतःच्या हाताने लिहावी, नेमक्या कोणत्या गोष्टीची क्षमा मागतो आहोत ती.

काकाजींना मी ती ओळ लिहू शकलो नाही. आपल्यापैकी ज्यांचे काकाजी, भाऊ, बहीण, नणंद किंवा भावजय हयात आहेत, त्यांच्या हाती अजून वेळ आहे.

 बोलण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही बोललो असेन, कोणाचे मन दुखावले असेल, तर मन, वचन आणि कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!